खांबाभोवतीची फट

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

साठीला टेकलेल्या माणसाला भिंगरी म्हणू नये असं तुझ्या बायकोचं मत आहे, मला ठाऊक आहे. पण तुझ्या पायाला भिंगरी होती म्हणून आईने ते नाव ठेवलं, आणि माझ्या तोंडात दुसरं बसत नाही. कान गेल्यापासून फोनवर मी नुसतं हो-हो करते आणि समोरचा माणूस दमतो. तेव्हा हे पत्र.

विद्यापीठाने वेधशाळेची जुनी इमारत पाडायचं नक्की केलंय. तुझ्याच बांधकाम खात्याकडे ते काम आलंय म्हणे. पाडण्याआधी तिचा इतिहास पुस्तिकेच्या रूपाने निघावा आणि तो मी लिहावा, अशी कुलसचिवांची इच्छा आहे. पाडायचं त्यांनी आणि गुणगान करायचं मी, असा हा कारभार. तरी हो म्हटलं. आपण ज्या घरात वाढलो त्याबद्दल कुणा परक्याने वाटेल ते खरडण्यापेक्षा माझ्या हातून झालेलं बरं.

सुरुवात केली आहे. मोठ्या सरांपासूनच करावी लागते. इकडे धड प्रयोगशाळासुद्धा नव्हती तेव्हा ह्या माणसाने दुर्बिणीसाठी वेगळी इमारत मागितली, लोक हसले, तरी बांधून घेतली. वर घुमट, खाली निरीक्षकाचं बिऱ्हाड, आणि जमिनीपासून घुमटापर्यंत सरळ गेलेला तो विटांचा खांब, ज्याच्या डोक्यावर दुर्बीण. मग आपले बाबा, सरांचे लाडके विद्यार्थी आणि पुढे तीस वर्षं निरीक्षक. जोडताऱ्यांमधली अंतरं मोजण्यात त्यांनी आयुष्य घातलं. आणि शेवटी आपण सगळे. ते वाक्य मला फार आवडलंय, तुला उतरून पाठवते: ‘निरीक्षकाच्या कुटुंबाने शास्त्रासाठी स्वखुशीने शांतता पत्करली.’ आईला वाचून दाखव. तिला बरं वाटेल.

मला इमारतीची नीट मापं आणि जुना नकाशा पाहून थोडी माहिती कळव. माझ्या गुडघ्यांनी बंड केलंय, नाहीतर स्वतःच आले असते.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं. आईला वाचून दाखवलं. तुझं आवडतं वाक्य आल्यावर तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, “छान लिहिते हो, पहिल्यापासून.” एवढंच. तब्येत ठीक आहे. मी जास्त मीठ खातो म्हणून मला रोज बोलणी बसतात, यावरून ओळख.

निवृत्तीआधीचं माझं शेवटचं काम म्हणून मला हीच इमारत मिळावी, हा नशिबाचा विनोद म्हणायचा. गेला आठवडा तिथेच होतो. घुमट फिरवायचं चाक गंजून घट्ट झालंय, दोराचा पत्ता नाही. खालच्या खोल्यांत आता परीक्षा विभागाच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. आपण निजायचो त्या खोलीत तर छतापर्यंत नापासांचं राज्य आहे. दुर्बीण कधीच दुसरीकडे हलवली. खांब मात्र जसाच्या तसा. मधल्या खोलीतून वर जाताना आजही बघत राहावा असा. मापं वेगळ्या कागदावर जोडली आहेत.

एक विचारायचं होतं. मोठ्या सरांच्या सहीचा मूळ नकाशा सापडला. त्यात वरच्या मजल्याची फरशी खांबाला टेकलेलीच नाही. खांबाभोवती सगळीकडून चार बोटं जागा मोकळी दाखवली आहे. प्रत्यक्षात फरशी खांबाला घट्ट चिकटलेली आहे, मुंगी जाणार नाही. ती फट कधी बुजवली, तुला आठवतं का? इतिहास लिहितेस तर तुला माहीत असायला हवं, म्हणून विचारतो.

तुझा भिंगरी
(बायको नाराज आहे, पण सही हीच.)

२ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

फट वगैरे काही नव्हती. मी त्या घरात लग्न होईपर्यंत राहिले. तू आठ वर्षांचा होतास तेव्हा मामाकडे गेलास, तुला काय आठवणार? नकाशात दाखवलेलं सगळं बांधलं जातंच असं नाही, हे तुझ्यासारख्या इंजिनीयरला मी सांगावं का? मोठ्या सरांनी बांधताना विचार बदलला असेल. त्या माणसाच्या हातून चूक होणं शक्य नाही.

तू विषय काढलास म्हणून घर आठवत बसले. दिवेलागण झाली की पायांत जाड मोजे. दाराच्या बिजागऱ्यांना बाबा स्वतः तेल घालायचे. काही खाली पडलं तर ते पडलं तिथेच राहू द्यायचं, सकाळी उचलायचं. हसायचं तर तोंडावर उशी धरून. पाहुणे यायचे बंद झाले, कारण पाहुण्यांना मोजे कसे घालायला सांगणार? बाबा वर गेले की आई खुर्चीत बसायची ती हलायचीच नाही. मला त्याचा त्रास झाला नाही. बाबा खाली आले की माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, “आज तारा अगदी स्थिर होता हो.” मला वाटायचं, तो मीच स्थिर ठेवला.

तुला आपलं बरं होतं. मामाकडे मोकळं रान, मोठं अंगण, आठ भावंडं, आरडाओरडा. मला तुझा हेवा वाटायचा, आज सांगते.

ताई

२१ मार्च

प्रिय ताई,

हे पत्र मी दोनदा फाडलं. हे तिसरं आहे, जसं उतरेल तसं वाच.

मी फरशी उचलून पाहिली. नाहीतरी चांगल्या फरश्या काढून घ्यायच्याच होत्या. खाली जुन्या दगडी फरशीची गोल कड आहे, नीट घडवलेली, हात फिरवला तरी कुठे बोचत नाही. त्या कडेच्या आणि खांबाच्या मध्ये चार बोटं जागा. ती विटांचे तुकडे आणि चुना घालून ठासून भरली आहे, आणि वर नवी फरशी बसवली आहे. म्हणजे सरांनी बांधताना बरोबरच बांधलं होतं. नंतर कुणीतरी बुजवलं.

तुला गणित येतं, बांधकाम मी सांगतो. त्या खांबाचा पाया वेगळा आहे. इमारतीला तो कुठेही शिवू नये, म्हणजे इमारतीत माणसं चालोत, नाचोत, खांबाला कळत नाही आणि दुर्बीण हलत नाही. ती फट म्हणजेच वेधशाळा. ती बुजवली की खालच्या खोलीतलं पाऊल भिंतीतून फरशीत, फरशीतून खांबात आणि खांबातून बाबांच्या डोळ्यात.

मग आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. तेलाचा डबा कुठे आहे असं मी विचारलं असावं, तसं तिने उत्तर दिलं.

“होती की फट. मी लग्न होऊन आले तेव्हा होती. वर सरांची पेन्सिल पडली की खांबाच्या कडेने थेट आपल्या मधल्या खोलीत यायची. किती पेन्सिली गोळा करून दिल्यात मी. मग कुणी बडे पाहुणे आले, त्यांच्यातल्या एका बाईंची टाच त्या फटीत अडकली आणि बाई पडल्या. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच गवंडी बोलावले आणि बुजवली.”

“सरांना कळलं नाही काय होईल ते?”

“त्यांची नजर गेली होती रे तोवर. दुर्बिणीला डोळा कुठे लावत होते? ह्यांना कळलं. मी खाली शिवणाचं मशीन चालवलं की वर तारा नाचतो म्हणाले. मग मशीन दिलं तुझ्या मावशीला.”

“मग बाबांनी सरांना सांगायचं ना.”

“गेले होते एकदा सांगायला. चहा पिऊन परत आले.” आई थोडी हसली. “नोकरी सरांनी दिली, घर सरांनी दिलं, आमचं लग्न सरांनी जमवलं. कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणाले, सर आहेत तोवर राहू दे. सर काही लवकर जाईनात. गेले तेव्हा म्हणाले, आता फोडली तर लोक विचारतील, इतकी वर्षं काय करत होतात? छापून गेलेल्या आकड्यांचं काय?”

“आणि मी?” मी विचारलं.

आई भाजी निवडत राहिली. निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

ताई, दोन गवंडी आणि एक दुपार. एवढंच काम आहे ते. मी जन्मभर हीच कामं करवून घेतली आहेत, मला कळतं. ती एक दुपार टाळण्यासाठी बाबांनी सगळं घर गप्प केलं, आणि जे गप्प होईना ते मामाकडे पाठवलं. मी आजवर समजत होतो की मी द्वाड होतो. घरात सगळे तेच सांगायचे. मीही माझ्या मुलांना हसत हसत तेच सांगितलं.

तुझ्या पुस्तिकेतलं ‘स्वखुशीने’ काढ.

भिंगरी

२० एप्रिल

प्रिय ताई,

महिना होत आला, तुझं पत्र नाही. रागावली असशील तर रागाचं पत्र लिही, पण लिही. आई रोज दुपारी विचारते, पोस्टमन येऊन गेला का? मी काय लिहिलं ते तिला सांगितलेलं नाही. तिला वाटतं तुझे गुडघे बिघडले.

घुमट जूनच्या सुरुवातीला उतरवणार.

भिंगरी

२९ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

गुडघे ठीक आहेत. रागावले होते, हे खरं. तुझ्यावरच. मला वाटलं, बाबा उत्तर द्यायला नाहीत आणि हा पन्नास वर्षांनी फरशी उकरून त्यांना कोर्टात उभं करतोय. तसं पत्र लिहिलंही होतं, चांगलं दोन पानी, तुला झोंबलं असतं असं. लिफाफ्यात घातलं आणि मग टपालात टाकवेना.

कारण मला एक गोष्ट आठवली आणि ती काही केल्या जाईना. एकदा बाबांनी मला वर नेलं आणि दुर्बिणीतून तारा दाखवला. दोन तारे होते, एक पिवळसर, एक निळा, आणि दोन्ही थरथरत होते. खाली आई कशाला तरी खुर्चीतून उठली होती, चालत होती. मी विचारलं, “हे हलतात का हो?” बाबा म्हणाले, “तारे लुकलुकतातच.” मी गणिताची मास्तरीण झाले, शाळेत आकाशाचा धडाही शिकवला, मुलींना लुकलुकणं म्हणजे काय ते फळ्यावर आकृती काढून समजावलं. पण ते दोन तारे काही तसे लुकलुकत नव्हते. ते दोघे एकत्र, एकाच बाजूला, एका तालात हलत होते. आईच्या पावलांच्या तालात. हे मला आत्ता कळतंय, सत्तरीच्या उंबरठ्यावर. मीच स्थिर ठेवते, ह्या आनंदात होते ना, मग शंका कशी येणार?

बाबा वाईट नव्हते रे. तुलाही ते माहीत आहे. भिडस्त होते. भिडेपायी माणूस काय काय गमावतो याची आपल्याकडे म्हणच आहे, पण तिच्यात मुलगा नाही. त्यांनी तुला पाठवलं त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडून होते. मला सांगितलं डोकं दुखतंय. मी बाम चोळला.

मी त्या घरात राहिले कारण मला गप्प बसता यायचं. तो माझा गुण आहे असं मी समजत आले आणि त्याचा अभिमान बाळगला. तू गेलास आणि आमच्या घराची शांतता आणखी वाढली, आणि मला ती आवडली, हे किती वाईट आहे ते तूच बघ.

पन्नास वर्षांत तुला एक गोष्ट विचारली नाही. हेवा करत बसले आणि विचारायचं राहिलं. तिकडे तुला बरं वाटायचं का रे?

इतिहासाचं काय करू ते सांग. सगळं लिहिलं तर बाबांचे आकडे कवडीमोलाचे ठरतात. नाही लिहिलं तर ती पुस्तिका मला हातात धरवणार नाही. आईला विचार. तिचं ऐकीन मी.

ताई

१२ मे

प्रिय ताई,

तू विचारलंस म्हणून सांगतो. मामाचं अंगण मोठं होतं, मामी मायेची होती, भावंडं चांगली होती. पण मी त्या अंगणात फार पळालो नाही. माजघराच्या मागे एक लांब बोळ होता, तिथे मी चालायला शिकायचो. आधी टाच उचलायची, मग बोटं टेकायची, मग अंग पुढे. आवाज न करता. मला वाटायचं, हे नीट जमलं की परत नेतील. सुट्टीत घरी आलो तेव्हा बाबांना चालून दाखवलं, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बाबा म्हणाले, “शाबास.” सुट्टी संपल्यावर परत पाठवलं. पुढच्या सुट्टीत पुन्हा दाखवलं. मग दाखवायचं सोडलं. यात बाबांचा दोष किती आणि माझ्या वेडेपणाचा किती, ते मला आता मोजता येत नाही, आणि मोजायचंही नाही.

आता आईचं.

तुझं पत्र मी तिला सगळं वाचून दाखवलं, मी आधी काय लिहिलं होतं तेही सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला एकदा घेऊन चल तिथे.” मी म्हटलं, दोन दिवस थांब. आणि मी ती फट फोडून घेतली. कंत्राटदार माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “साहेब, पुढच्या महिन्यात पाडायची आणि आज दुरुस्ती? माणूस चाललाय आणि तुम्ही त्याला चष्मा करताय.” मी म्हटलं, करू दे. दोन गवंडी लावले. जेवणाच्या सुट्टीनंतर बसले आणि चहा यायच्या आत उठले. वर मलाच विचारलं, आणखी काही काम आहे का?

परवा सकाळी आईला घेऊन गेलो. जिना चढायला तिला वेळ लागला, पण हात धरू दिला नाही. घुमटाखाली तिला खुर्ची दिली. तिने खाली वाकून फट पाहिली, तिच्यात दोन बोटं घातली, काढली, पदराला पुसली. मी घरून एक वाटी आणि पाण्याची बाटली नेली होती. खांबाच्या डोक्यावर, जिथे दुर्बीण बसायची तिथे, वाटी ठेवली आणि काठोकाठ भरली. तिला सांगितलं की आता फरशीवर कोणी चाललं तरी हे पाणी हलायला नको.

“मग पळ,” आई म्हणाली.

“मी?”

“दुसरं कोण आहे इथे?”

ताई, मी पळालो. पोट सुटलेलं, डावा गुडघा दुखरा, पायांत सरकारी बूट. खांबाभोवती गोल गोल, धाप लागेपर्यंत. फरशी दणदणत होती, घुमटाचा पत्रा वाजत होता, खालून कुणीतरी ओरडून विचारलं काय झालं म्हणून. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती खुर्चीतून उठून वाटीजवळ गेली होती आणि पाण्याकडे बघत होती. पाणी हललं नाही. साधा शहारासुद्धा आला नाही त्याच्यावर.

“थांब,” ती म्हणाली. मी थांबलो. ती तशीच बघत राहिली आणि मग म्हणाली, “एवढ्यासाठी तुला पाठवला होय रे मी.”

“तू नाही. बाबांनी पाठवलं.”

“ते बोलले. पिशवी मी भरली.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिने ठेवू दिला. मग मी तुझा प्रश्न विचारला, ताई काय लिहू म्हणते? आई म्हणाली, “फट होती, ती बुजवली, आणि कुणी बोललं नाही, असं लिही म्हणावं. ह्यांच्या आकड्यांचं जे व्हायचं ते होऊ दे. मुलापेक्षा ते मोठे नव्हते.” तेव्हा तसंच लिही. आणि छापून व्हायची वाट न बघता इकडे ये. गुडघ्यांचं आपण तिघं मिळून बघू.

मग आम्ही खाली निघालो. तो लोखंडी जिना तुला आठवतो, कुत्रं चढलं तरी वाजायचा. मी पुढे होतो आणि मागे काही आवाजच येईना, म्हणून घाबरून वळून पाहिलं. ती येतच होती. आधी बोटं टेकवून, मग हळूच टाच, एकेक पायरी, कठड्याला धरून. मी म्हटलं, “आई, आता कुणी नाही वर. आपट की पाय.”

तिने एक पाय उचलला, थोडा वेळ तसाच धरला, आणि अलगद खाली ठेवला.

“नाही येत रे आता मला,” ती म्हणाली.

तुझा भिंगरी